आजारपण, गोळ्या आणि मेमो: ठाणे–नवी मुंबईतल्या नोकरदारांचे नेहमीचे प्रश्न

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी एकोणीस वर्षं काढली. हजेरी, खाडे, गेटपास आणि मेमो, म्हणजे कामगाराकडून लेखी खुलासा मागणारी कंपनीची नोटीस. मेमो साहेब सांगायचे, टाइप मी करायचो. आता ते काम सुटलंय, पण लोक सुटले नाहीत. कळव्याच्या घरी संध्याकाळी कोणी ना कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतंच. पिशवीत एक मेमो असतो आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या असतात. चिठ्ठ्या बहुतेक वेळा मेमोनंतरच्या तारखेच्या असतात, आणि दुखणं तिथेच आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कायद्याबद्दल आधीच सांगून ठेवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत. खाली काही ठिकाणी जुन्या कायद्यांची नावं येतील, कारण निकाल त्यांच्यावर आहेत आणि लोकांच्या तोंडीही तीच आहेत. पत्रात कलम घालायचं असेल तर कामगार वकिलाला दाखवून घाला. चुकीचं कलम घालण्यापेक्षा न घातलेलं बरं.

आजारी पडणं हे गैरवर्तन आहे का?

नाही. स्थायी आदेशांमधली, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांमधली, गैरवर्तनाची यादी काढून बघा. परवानगीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी, नेहमी उशिरा येणं, कामात सतत हलगर्जीपणा, ड्युटीवर नशा, झोपणं. त्यात आजार कुठेच नाही. पण आजार मेमोत येतो तो यातलाच एखादा सदरा घालून येतो. थायरॉइड बिघडलेली बाई 'हलगर्जी' ठरते, रात्री झोप न लागणारा माणूस 'नेहमी लेट' ठरतो.

कृष्णकांत परमार या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही. आजार, अपघात, इस्पितळात दाखल होणं अशा कारणांनी माणूस येऊच शकला नसेल तर ती जाणूनबुजून म्हणता येत नाही. निकाल सरकारी नोकराचा आहे, पण चौकशीत उत्तर लिहिताना हाच धागा धरायचा असतो. मला जमत नव्हतं आणि मी करत नव्हतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पण माझं काम खरंच बिघडलंय. चुका माझ्याच आहेत. मग?

मग चुका नाकारू नका. ही चूक मी फार लोकांना करताना पाहिली. आधी 'माझं काम उत्तम आहे' असं लिहून देतात आणि पंधरा दिवसांनी 'आजारामुळे काम बिघडलं' म्हणतात. चौकशी अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवतो.

कंपनीला काम हवंय, हेही खरं आहे. ती तुम्हाला डॉक्टरकडून तपासून घ्यायला सांगू शकते, काही दिवस हलकं काम देऊ शकते, रजेवर पाठवू शकते. आजाराने काम होत नसेल तर रस्ता हा आहे. आरोपपत्राचा रस्ता शिक्षेचा आहे, तो दोष असेल तिथे. पत्रात हेच मागा, आणि नेमकं काय हवंय ते लिहा. 'सहकार्य करावे' या शब्दांवर एचआरला काहीच करता येत नाही. 'सहा आठवडे रात्रपाळी नको' यावर करता येतं.

औषधामुळे असं होतंय हे कळणार कसं?

अनेकदा कळतच नाही, कारण डॉक्टरने पाच मिनिटांत चिठ्ठी लिहिलेली असते आणि तुमचं काम काय आहे हे विचारलेलंच नसतं. सर्दीची क्लोरफेनिरामिन असलेली साधी गोळी घेऊन माणूस प्रेस मशीनवर पेंगतो. दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन सकाळी सातच्या पाळीपर्यंत डोक्यात राहतं. फिट्सवरच्या लेव्हेटिरासिटामने काही जण चिडचिडे होतात, टोपिरामेटने बोलता बोलता शब्द सापडेनासे होतात (कॉल सेंटरच्या माणसाला हे किती महागात पडतं बघा), व्हॅल्प्रोएट आणि लिथियमने हात थरथरतो. स्टेरॉइडने झोप उडते. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पोट बिघडतं, ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर माणूस तासातासाला उठतो आणि सुपरवायझर 'जागेवर नसतो' असं लिहितो. नैराश्यावरच्या गोळ्यांचे पहिले दोन-तीन आठवडे मळमळीचे असू शकतात, आणि गुण यायला त्याहून वेळ लागतो.

एक साधी वही करा. गोळी कधी घेतली, त्रास किती वाजता झाला, त्या दिवशी पाळी कोणती होती. दहा दिवसांची वही डॉक्टरसमोर ठेवली की डॉक्टर वेळ बदलतो, डोस बदलतो, कधी गोळीच बदलतो. काम काय आहे ते स्वतःहून सांगा: 'मी फोर्कलिफ्ट चालवतो', 'मी रात्री स्क्रीनसमोर नऊ तास असते'.

आणि नोकरीच्या भीतीने गोळी परस्पर बंद करू नका. फिट्सची औषधं, स्टेरॉइड, प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या आणि नैराश्यावरची औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं. मशीनवर फिट आली तर मेमो ही शेवटची काळजी असेल.

सुपरवायझरने 'दारू पिऊन आला' असा रिपोर्ट केला. मी पीत नाही, मला डायबेटिस आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण असा एक मेमो मी स्वतः टाइप केला आहे.

कॉम्प्रेसरवरचा माणूस. तिसरी पाळी, पहाटे साडेपाच. तोंडातून शब्द नीट येत नव्हते, घामाने शर्ट भिजलेला, 'घरी जा' म्हटल्यावर शिवी दिली. सिक्युरिटीने रजिस्टरमध्ये 'तोंडाला वास येत होता' असं लिहिलं आणि त्याला गेटबाहेर बाकावर बसवलं. कोणी ग्लुकोमीटर आणला नाही. कोणी साधी ब्रेथ टेस्टही केली नाही. दहा वाजता साहेबांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. तीन आठवड्यांनी त्याची बायको इन्सुलिनची चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीशी उभी होती. रात्रीचा डबा तसाच परत आला होता, असं ती म्हणाली.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, अडखळतं बोलणं, चिडचिड, गोंधळ असं सगळं दारूसारखंच दिसतं. साखर फार वाढून शरीरात कीटोन साठले तर तोंडाला गोडसर, अॅसिटोनसारखा वास येतो आणि नाकाला फरक कळत नाही. त्यामुळे उत्तरात सरळ विचारा: चाचणी केली का? कोणत्या यंत्राने, किती वाजता, आकडा किती, साक्षीदार कोण? वास आला हे एका माणसाचं मत झालं. चाचणी झाली असेल आणि त्याआधी अल्कोहोल असलेलं कफ सिरप किंवा होमिओपॅथीचे थेंब घेतले असतील तर तेही सांगा. तोंडातला तो अंश थोड्या वेळात जातो, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी मागायची असते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर लॉकरमध्ये साखर ठेवा आणि शेजारच्या माणसाला सांगून ठेवा. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आजार काय आहे ते कंपनीला सांगायलाच हवं का?

सगळं सांगायची गरज नसते. काय जमत नाही आणि किती दिवस, एवढं सांगायला हवं. माझा अनुभव असा की ज्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही ते अडकले, आणि ज्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं तेही अडकले. एका माणसाला, लेखी, मोजकं.

डॉक्टरकडून निदानाचं नाव नसलेलं पत्र मिळू शकतं. 'उपचार सुरू आहेत. पुढील सहा आठवडे रात्रपाळी आणि उंचीवरचे काम टाळावे', बस. एचआरने औषधांची पूर्ण यादी मागितली तर ती कंपनीच्या डॉक्टरला दाखवायची तयारी ठेवा, मॅनेजरच्या मेलवर नको. मानसिक आजाराच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चाच वेगळा कायदा आहे. त्या कारणाने नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे.

याला एक अपवाद आहे. तुमच्या कामात दुसऱ्याचा जीव असेल, म्हणजे क्रेन, फोर्कलिफ्ट, कंपनीची बस, बॉयलर, तर फिट्स किंवा शुद्ध हरपण्याचा त्रास लपवू नका. इथे मी कामगाराच्या बाजूने बोलणार नाही.

पत्र असं लिहिता येईल:

'महोदय, दिनांक … पासून माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू आहेत. औषधाचा परिणाम म्हणून सकाळी पहिले दोन तास मला गुंगी जाणवते. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. पुढील सहा आठवडे मला दुसरी पाळी द्यावी आणि प्रेस मशीनऐवजी पॅकिंग विभागात काम द्यावे, ही विनंती. या काळात माझ्या कामात काही त्रुटी आढळल्यास कृपया मला लगेच सांगावे.'

दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी मेल करा किंवा स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. कागदाची तारीख मेमोच्या आधीची असली की अर्धं भांडण तिथेच मिटतं. मेमोनंतर आलेलं तेच पत्र 'सबब' म्हणून वाचलं जातं. हे अन्यायाचं आहे, पण खिडकीच्या आत बसून मी तसंच वाचायचो.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं. त्याचा इथे काय उपयोग?

खूप. आणि लोक नेमकं इथेच चुकतात. ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात, तीनशे रुपयांत सर्टिफिकेट आणतात आणि ईएसआयचा दवाखाना 'लांब पडतो' म्हणून सोडून देतात.

महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल (दिव्यांगांसाठी २५,०००) तर तुम्ही योजनेत येता. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. क्षयरोग, कर्करोग, काही गंभीर मानसिक आजार अशा ३४ दीर्घ आजारांच्या यादीत तुमचा आजार असेल आणि नोकरीला दोन वर्षं झाली असतील, तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंतही लाभ मिळू शकतो.

पैशाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये, शिक्षा करू नये, असं संरक्षण १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ ने दिलं. त्या काळात दिलेली बडतर्फीची नोटीस वैध धरली जात नाही. हे संरक्षण अमर्याद नाही. दीर्घ आजारात ठरावीक मुदतीनंतर मालकाला वाट असते. पण या संरक्षणाची किल्ली ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, गल्लीतल्या डॉक्टरचं नाही. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि नवी मुंबईत वाशीला ईएसआयची रुग्णालयं आहेत. त्याआधी तुमच्या नावावर लागलेला दवाखाना. रांग मोठी असते. तरी जा.

माझा पगार २१,००० च्या वर आहे.

मग तुमचं नेमणूकपत्र आणि रजेचे नियम वाचा. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि कामाच्या दिवसांच्या हिशोबाने साठणारी अर्जित रजा आहे, पण आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. कंपनी देत असेल तर ती तिच्या धोरणातून.

मेमो हातात पडला. आता?

घ्या. 'मी घेत नाही' म्हणून परत करू नका, त्याने काही थांबत नाही. 'मिळाला' एवढं लिहून सही आणि तारीख करा. 'मान्य' लिहू नका.

मुदत बघा. ४८ तास, तीन दिवस, काहीही लिहिलेलं असतं. आजारी असाल तर त्या मुदतीतच एक ओळीचा अर्ज द्या की उत्तरासाठी इतके दिवस वाढवून हवेत, डॉक्टरची चिठ्ठी सोबत आहे. न दिलेलं उत्तर कबुलीसारखं वापरलं जातं. मेमो इंग्रजीत असेल आणि कळत नसेल तर मराठी प्रत मागा, यात लाज काही नाही.

उत्तरात प्रत्येक आरोपाला वेगळं उत्तर. तारीख, त्या दिवशी काय झालं, त्याचा कागद कोणता. सुपरवायझर कसा माणूस आहे हे लिहायचा मोह होतो. चार ओळी लिहा, फाडून टाका आणि मग उत्तराला बसा.

पुढे चौकशी लागली तर साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायचा, आपले कागद आणि आपला साक्षीदार आणायचा, सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस बसवायचा हक्क मागा. रोजच्या कामकाजाची प्रत त्याच दिवशी घ्या. न वाचता पानावर सही करू नका, गुंगी असेल तर तसं नोंदवून तारीख मागा.

'दहा दिवस आला नाहीस, नाव आपोआप कमी झालं' असं कोणी म्हणालं तर डी. के. यादव खटला लक्षात ठेवा. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बाजू मांडायची संधी न देता, केवळ स्थायी आदेशात तसं लिहिलंय म्हणून, गैरहजर कामगाराचं नाव कापता येत नाही. त्या कामगाराला परत घ्यायला लावलं आणि मागच्या पगारापैकी निम्मा दिला.

निलंबित केलं तर पगार?

निर्वाह भत्ता मिळतो. पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, त्यानंतर उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल तर ७५ टक्के.

'राजीनामा दे, रेकॉर्ड खराब होणार नाही' असं सांगतात.

त्या खोलीत सही करू नका. 'घरी विचारून उद्या सांगतो' म्हणा आणि बाहेर या. बाहेर आल्यावर काय बोलणं झालं ते मेलवर लिहून त्यांनाच पाठवा. दिलेला राजीनामा दबावाखाली होता हे नंतर सिद्ध करणं फार कठीण, आणि एखाद्या माणसाला डोस वाढवलेल्या आठवड्यातच हे विचारलं जातं, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

मानसिक आजार असेल तर वेगळं काही आहे का?

आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकलसेलही येतात. साधा डायबेटिस किंवा ब्लडप्रेशर येत नाही. त्रास दीर्घ असेल तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा.

रवींदर कुमार धारीवाल हे सीआरपीएफमधले अधिकारी. त्यांना ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती मनात घोळत राहण्याचा आजार) आणि नैराश्य होतं, आणि वागण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. १७ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आजार हे त्या वागण्याचं एकमेव कारण असायला हवं असं नाही. आजाराचा त्यात वाटा असेल तरी तशी कारवाई भेदभाव ठरू शकते. पगार सांभाळून त्यांना दुसऱ्या कामावर घेण्याचा मार्ग न्यायालयाने मोकळा केला.

हुरळून जाऊ नका. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पर्यायी पद द्यायचं, ही कलम २० ची हमी सरकारी आस्थापनांना लागू आहे. म्हणजे महापालिका, एसटी, सरकारी रुग्णालय. खासगी कंपनीला समान संधी धोरण ठेवावं लागतं; ते एचआरकडे मागा. ऐरोलीतल्या एका ऑफिसात एका मुलीने मागितलं तेव्हा एचआरलाच ते पहिल्यांदा शोधावं लागलं, आणि शोधता शोधता तिची लॉगिनची वेळ नऊवरून साडेदहा झाली.

मला मेमो नाही, पीआयपी (ठरावीक मुदतीत कामगिरी सुधारण्याची योजना) दिलाय.

महापे-ऐरोलीकडचा हा मेमोच आहे, फक्त गोड भाषेत. आजार चालू असेल तर पहिल्याच बैठकीत सांगा की उद्दिष्टं उपचार धरून ठरवा, आणि बैठकीनंतर तेच मेलवर लिहा. पदनामात 'मॅनेजर' आहे म्हणून तुम्ही कायद्याने कामगार नाहीच असं समजू नका. प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात.

मी ठेकेदाराकडे आहे.

ईएसआय तुम्हालाही आहे, आणि ठेकेदाराने वर्गणी बुडवली तर जबाबदारी मूळ कंपनीपर्यंत जाते. पत्र दोघांनाही द्या. आपला ईएसआय नंबर फोनमध्ये नाही, पाकिटात लिहून ठेवा.

टीबी आहे म्हणून सहकारी जवळ बसू देत नाहीत.

योग्य उपचार सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांपासून काही आठवड्यांत संसर्ग होत नाही. 'कामावर येण्यास हरकत नाही' असं डॉक्टरचं पत्र आणा आणि ते एचआरने विभागाला समजावून सांगावं असं लेखी मागा. रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते, त्याला घाबरून गोळ्या सोडणारेही भेटलेत. सोडू नका.

वकील परवडत नाही. जाऊ कुठे?

ठाण्यातलं कामगार उपायुक्त कार्यालय. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो. ठाणे न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना कायद्यानेच ती सोय आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. नोकरीवरून काढलं असेल तर बसून राहू नका, मुदती असतात. या सगळ्याने रात्री डोकं फिरत असेल तर १४४१६ वर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत मदत आहे, मराठीतून बोलता येतं.

मेमो रविवारी रात्री व्हॉट्सअॅपवर आला. तो धरायचा का?

धरा. दोन निळ्या टिका पडल्या की 'मिळाला नाही' म्हणणं अवघड आहे. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, आणि सोमवारी सकाळी लेखी प्रत मागणारा अर्ज द्या. आणि तुमच्या आजाराचं पत्रही जर व्हॉट्सअॅपवरच पाठवलं असेल, तर त्याची एक छापील प्रत त्याच अर्जाला टाचून द्या. शिक्का दोन्ही पानांवर घ्या.